‘फेटल इन्स्टिंक्ट’: स्त्रियांविषयी सर्व काही जाणणाऱ्या नायकाची कथा

नेड रॅव्हाइन पोलीसही आहे आणि वकीलही आहे. ज्याच्या हातात तो बेड्या घालतो, पुष्कळदा त्याचेच वकीलपत्र घेऊन तो न्यायालयात उभा राहतो आणि या दोन कामांत काही विसंगती आहे हे त्याच्या गावीही नसते. आणखी एक गोष्ट त्याला ठाम माहीत आहे: स्त्रियांविषयी जे जे कळण्यासारखे आहे ते सगळे आपल्याला कळते. कोणी हे खोटे ठरवून दाखवले तर आपण आपला पोलिसी बिल्ला फेकून देऊ, अशी त्याची पैज आहे. त्याची बायको त्याच्या खुनाचा बेत आखते, एक अनोळखी स्त्री त्याचा पिच्छा पुरवते आणि त्याची सेक्रेटरी मनातल्या मनात त्याच्यावर जीव टाकते. या तिन्ही गोष्टी त्याच्या नाकासमोर घडत असतात आणि त्यांतली एकही त्याच्या ध्यानात येत नाही.

कार्ल रायनर यांनी दिग्दर्शित केलेला आणि डेव्हिड ओमॅली यांनी लिहिलेला ‘फेटल इन्स्टिंक्ट’ हा अमेरिकन चित्रपट ऑक्टोबर १९९३ मध्ये प्रदर्शित झाला. सुमारे दीड तासाचा हा विडंबनपट आहे. १९८० च्या दशकात हॉलिवूडमध्ये मूळ धरलेल्या आणि पुढच्या दशकाच्या आरंभी ऐन भरात आलेल्या इरॉटिक थ्रिलर, म्हणजे कामवासना आणि गुन्हा यांची सांगड घालणाऱ्या थरारपट या प्रकाराचे, आणि त्याच्या मुळाशी असलेल्या १९४० च्या दशकातील कृष्णधवल गुन्हेपटांचे त्याने विडंबन केले आहे. त्याची गणना सहसा किरकोळ विनोदी चित्रपटांत केली जाते. माझे मत निराळे आहे. चित्रपट सर्वत्र सारखा जमलेला नाही, काही ठिकाणी तो चांगलाच घसरतो, हे मान्य करूनही मला असे वाटते की या चित्रप्रकाराने जे वर्षानुवर्षे झाकून ठेवले होते त्यावर रायनर यांनी नेमके बोट ठेवले आहे.

काय झाकलेले होते, हे समजण्यासाठी मूळ चित्रपटांकडे थोडे बारकाईने पाहायला हवे. अ‍ॅड्रियन लाइन यांच्या ‘फेटल अट्रॅक्शन’मध्ये (१९८७) मायकल डग्लस यांचा विवाहित वकील एका शनिवार-रविवारी ग्लेन क्लोज यांच्या व्यक्तिरेखेशी संबंध ठेवतो आणि सोमवारपासून काही घडलेच नाही असे वागू पाहतो. ती मात्र त्याला सोडत नाही. या चित्रपटाचा आधी चित्रित केलेला शेवट वेगळा होता. त्यात ती स्त्री आत्महत्या करते आणि संशय त्या वकिलावर येतो. चाचणी खेळांना आलेल्या प्रेक्षकांना तो शेवट पसंत पडला नाही, म्हणून नवा शेवट चित्रित करण्यात आला आणि त्यात वकिलाची पत्नी तिला गोळी घालते. ग्लेन क्लोज यांना हा बदल मान्य नव्हता व ती नाराजी त्यांनी पुढे उघडपणे बोलूनही दाखवली. पण नव्या शेवटामुळे घर सावरले, पुरुष निर्दोष सुटला आणि सगळे पाप त्या परक्या स्त्रीच्या पदरात पडले. पाच वर्षांनी आलेल्या पॉल व्हर्होवेन यांच्या ‘बेसिक इन्स्टिंक्ट’मध्येही मायकल डग्लसच होते आणि समोर शॅरन स्टोन यांची बुद्धिमान, श्रीमंत, संशयित लेखिका होती. त्या चित्रपटाचे चित्रीकरण सॅन फ्रान्सिस्कोत चालू असतानाच समलैंगिकांच्या संघटनांनी त्याविरुद्ध निदर्शने केली होती, कारण पटकथेतील खुनाचा संशय ज्या स्त्रियांभोवती फिरत होता त्या समलिंगी किंवा उभयलिंगी होत्या. दोन्ही चित्रपटांत भीतीचे मूळ स्त्री हेच आहे. पुरुषाच्या हातून जी चूक होते ती क्षणिक मोह म्हणून खपवून घेतली जाते, आणि तो मुळात किती अविचाराने वागला याचा हिशेब कोणी मागत नाही.

रायनर आणि ओमॅली यांनी तो हिशेब मागितला आहे. त्यासाठी त्यांनी स्त्रियांना सौम्य केलेले नाही; त्या मूळ चित्रपटांतल्याइतक्याच घातकी आहेत, किंबहुना एकेकीचे कारस्थान मुळापेक्षा जास्त गुंतागुंतीचे आहे. बदल फक्त पुरुषात केला आहे. त्याच्या अंगावरचे मोहात सापडलेल्या सज्जनाचे वस्त्र काढून घेतले आहे आणि आत उरलेला आत्मसंतुष्ट, मठ्ठ माणूस प्रेक्षकांसमोर उभा केला आहे.

ही कल्पना त्यांनी हवेतून आणलेली नाही. लॉरेन्स कॅसडन यांच्या ‘बॉडी हीट’मधील (१९८१) नायकाचे नाव नेड रॅसीन असे आहे. विल्यम हर्ट यांनी साकारलेला हा फ्लोरिडातील वकील आपल्या कामात कच्चा आहे आणि कॅथलीन टर्नर यांची नायिका पहिल्याच भेटीत त्याला सांगते की तू फारसा हुशार दिसत नाहीस आणि पुरुषातील हा गुण मला आवडतो. पुढचे सगळे कथानक त्या एका वाक्याने सांगून टाकलेले असते, पण प्रेक्षक मादक रात्रींच्या उकाड्यात ते वाक्य विसरतो. नेड रॅसीनचा नेड रॅव्हाइन करताना ओमॅली यांनी तेच वाक्य संपूर्ण चित्रपटभर ताणले आहे. मूळ कलाकृतीत जे अर्धवट बोलले गेले ते पूर्ण बोलून दाखवणे, हे चांगल्या विडंबनाचे काम असते. केशवकुमारांची ‘झेंडूची फुले’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको; अत्र्यांनी ज्या कवींची थट्टा केली त्यांच्यातील काहींच्या ओळी आज फारसे कोणी वाचत नाही, तरी विडंबने हसवतात, कारण त्यांत एकेका कवितेपेक्षा काव्याची ढोंगे पकडलेली आहेत.

चित्रपटातील सर्वांत घट्ट बांधलेला धागा विम्याचा आहे. बिली वायल्डर यांच्या ‘डबल इन्डेम्निटी’मध्ये (१९४४), जेम्स एम. केन यांच्या कादंबरीवरून, बार्बारा स्टॅनविक यांची पत्नी आणि फ्रेड मॅकमरे यांचा विमा एजंट मिळून तिच्या नवऱ्याचा खून करतात. तो अपघात वाटावा आणि रेल्वेगाडीतून पडून मृत्यू आल्याचे भासवून पॉलिसीची दुप्पट रक्कम मिळावी, असा त्यांचा हिशेब असतो. त्या चित्रपटाची ताकद तपशिलांच्या अचूकतेत आहे: कुबड्या घेऊन नवऱ्याच्या जागी गाडीत बसलेला एजंट, गाडीच्या शेवटच्या डब्यामागचा सज्जा, अंधारातील रूळ. ‘फेटल इन्स्टिंक्ट’मध्ये दुपटीची तिप्पट झाली आहे आणि तिच्यासाठीची अट अशी आहे की नेडला गोळी लागली पाहिजे, त्यानंतर तो उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीतून खाली पडला पाहिजे आणि शेवटी गोड्या पाण्याच्या प्रवाहात बुडून मेला पाहिजे. तसे झाले तर पत्नी लॅनाला नव्वद लाख डॉलर मिळणार आहेत. गाडी दक्षिणेकडे जात असेल किंवा पाणी खारे असेल तर सगळे मुसळ केरात. ही अट पहिल्यांदा ऐकताना हसू येते ते तिच्या वेडगळपणामुळे. नंतर मात्र लॅना आणि तिचा प्रियकर, मोटार मेकॅनिक फ्रँक, ती अट जणू सरकारी परिपत्रक आहे इतक्या गांभीर्याने पाळू लागतात आणि मग विनोदाला खरी धार येते. जुन्या गुन्हेपटांतील खुनी नेहमीच असे कलमांचे गुलाम असत. वायल्डर यांच्या दिग्दर्शनात ते जाणवत नाही, इथे ते उघडे पडते.

लॅनाच्या भूमिकेत केट नेलिगन आहेत आणि या चित्रपटाचे मोल मोठ्या अंशी त्यांच्यामुळे आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन. नाट्यगृहात आणि गंभीर चित्रपटांत नाव मिळवलेल्या या कॅनेडियन अभिनेत्रीला ‘द प्रिन्स ऑफ टाइड्स’मधील (१९९१) भूमिकेसाठी ऑस्करचे नामांकन मिळाले होते. त्यानंतर लवकरच त्यांनी ही भूमिका केली आणि ती करताना त्या कुठेही विनोदी अभिनेत्री झालेल्या नाहीत. आवाज खालच्या पट्टीत, शब्द तोलून, नजर सरळ. वाक्य कितीही खुळे असले तरी त्या ते शोकांतिकेतील संवादासारखे उच्चारतात. हसू आणण्याचा प्रयत्न त्यांच्या चेहऱ्यावर एकदाही दिसत नाही, आणि म्हणूनच त्यांच्या वाट्याचा जवळजवळ प्रत्येक विनोद लागू पडतो. लॅना फ्रँकशी बोलते तेव्हा तिच्या स्वरात प्रेमापेक्षा घाई जास्त असते आणि नेडशी बोलताना तो स्वर पतिव्रतेचा होतो, पण शब्दांची लय तीच राहते. हा बारकावा मला फार आवडला, कारण ज्या नायिकांवरून लॅना घडवली आहे त्यांचे दुहेरी वागणे नेलिगन यांनी मूळ अभिनेत्रींचा पूर्ण मान ठेवून उभे केले आहे.

आर्मंड असांते यांची निवडही अशाच विचारातून झाली असावी. त्यांचा चेहरा पारंपरिक अर्थाने देखणा, रुंद जबड्याचा, जुन्या गुन्हेपटात सहज शोभेल असा आहे. आदल्याच वर्षी ‘द मॅम्बो किंग्ज’मध्ये त्यांनी एक उत्कट, गंभीर भूमिका केली होती. गंभीर नटांकडून निर्विकार चेहऱ्याने खुळचट संवाद म्हणवून घेण्याची पद्धत ‘एअरप्लेन!’ने (१९८०) रूढ केली. रॉबर्ट स्टॅक, लॉइड ब्रिजेस आणि लेस्ली नीलसन यांना त्यासाठीच घेतले होते. असांते त्या पंक्तीत थोडे कमी पडतात. त्यांचे निवेदन, म्हणजे पडद्यामागून येणारा खर्जातील तो एकाकी गुप्तहेराचा स्वर, उत्तम जमला आहे. शारीरिक विनोदात मात्र ते अवघडलेले दिसतात आणि पडण्या-आपटण्याच्या प्रसंगांत नेडच्या मठ्ठपणापेक्षा नटाचे कष्टच जास्त दिसतात.

सॅक्सोफोनचा विनोद मात्र माझ्या मते या चित्रपटाची सर्वांत सुंदर कल्पना आहे. इरॉटिक थ्रिलरमध्ये पडद्यावर मोहाचा क्षण आला की पार्श्वसंगीतात सॅक्सोफोन येणारच, हा अलिखित नियम होता. ‘बॉडी हीट’साठी जॉन बॅरी यांनी दिलेल्या संगीताने त्या स्वराला जी प्रतिष्ठा दिली तिची नक्कल पुढे असंख्य चित्रपटांनी केली. रायनर यांनी तो वादकच पडद्यावर आणून उभा केला. नेड चालतो तिथे सॅक्सोफोन ऐकू येतो, कॅमेरा जरा सरकतो आणि बाजूला सॅक्सोफोन वाजवत उभा असलेला धिप्पाड माणूस दिसतो. तो क्लेरेन्स क्लेमन्स आहे, ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्या ई स्ट्रीट बँडमधील विख्यात सॅक्सोफोनवादक. तोतयाला न घेता खऱ्या, पहिल्या दर्जाच्या वादकाला बोलावल्यामुळे संगीत खरोखरच मादक वाजते आणि त्याच क्षणी ते कुठून येते हेही दिसते. प्रेक्षकाच्या भावना कोणत्या तंत्राने चाळवल्या जात होत्या, हे दाखवून देण्याचा याहून सोपा आणि सुरेल मार्ग मला सुचत नाही.

लोला केन ही पाठलाग करणारी स्त्री शॉन यंग यांनी रंगवली आहे. ‘ब्लेड रनर’ (१९८२) आणि ‘नो वे आउट’ (१९८७) यांतील त्यांच्या गूढ सौंदर्याची आठवण असलेल्या प्रेक्षकाला इथे त्यांचा मोकळेपणा सुखावतो. लोला काही महत्त्वाचे कायदेशीर कागद तपासून द्यावेत म्हणून नेडला संध्याकाळी घरी बोलावते. नेड मोठ्या गंभीरपणे ते कागद हाती घेतो, आणि ते निघतात धोब्याची पावती आणि मुदत संपलेले लॉटरीचे तिकीट. यानंतर जे घडते ते प्रणयदृश्य लांबलचक आहे आणि त्यातील चमत्कृतींची भरताड मला कंटाळवाणी वाटली. पावती आणि तिकीट यांनी जे साधले होते त्यात पुढच्या उठाठेवीने काहीच भर पडत नाही. सगळे आटोपल्यावर नेड तिला सांगतो की आपले बायकोवर प्रेम आहे, म्हणून आपण पुन्हा भेटायचे नाही. असांते यांनी हे वाक्य इतक्या प्रामाणिक चेहऱ्याने म्हटले आहे की ‘फेटल अट्रॅक्शन’मधील तो सोमवार डोळ्यांसमोर येतो.

जेम्स रेमार यांचा मॅक्स शेडी हा सात वर्षांची कैद भोगून सुटलेला आणि नेडवर सूड उगवू पाहणारा गुन्हेगार, ‘केप फिअर’च्या मॅक्स केडीवरून घेतलेला. मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या १९९१ च्या चित्रपटात वकिलाने आपल्याच अशिलाला सोडवू शकेल असा पुरावा जाणूनबुजून दडपलेला असतो आणि सूडाला त्यामुळे नैतिक वजन येते. नेडने असे काहीही केलेले नाही. त्याला मॅक्सचा खटला नीट लढवता आला नाही, एवढेच. मूळ गुन्ह्याच्या जागी निव्वळ नालायकी ठेवल्यामुळे चित्रपटाच्या मुख्य कल्पनेशी हा धागा चपखल जुळतो. प्रत्यक्षात मात्र मॅक्सला फार थोडा वाव मिळाला आहे. नेड एका कायदेविषयक परिसंवादाला रेल्वेने निघतो आणि लॅना, फ्रँक, लोला व मॅक्स असे चौघेही त्याच गाडीत चढतात, हा प्रसंग चित्रपटाचा मध्य आहे व तो नेटका रचलेला आहे. गाडीत काय घडते ते इथे सांगून रसभंग करत नाही. पुढे लॅनावर खुनाचा खटला भरला जातो, तिचा बचाव अर्थातच नेड करतो, आणि त्या खटल्याचे समालोचन एखाद्या क्रीडास्पर्धेसारखे चालते. खटल्यांचे थेट प्रक्षेपण करणारी दूरचित्रवाहिनी अमेरिकेत १९९१ मध्येच सुरू झाली होती, त्यामुळे हा टोला त्या वेळी ताजा होता. न्यायाधीशाच्या खुर्चीवरील टोनी रँडल यांचा त्रासलेला सभ्यपणाही पाहण्यासारखा आहे.

चित्रपटाचा सर्वांत दुबळा भाग सेक्रेटरी लॉराचा आहे आणि त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटते, कारण ‘ट्विन पीक्स’ या दूरचित्रवाणी मालिकेने नावारूपाला आलेल्या शेरिलिन फेन यांची भूमिकेतील ऊब खरी आहे. लॉरा छळणाऱ्या नवऱ्यापासून पळून आलेली आहे. हे ज्युलिया रॉबर्ट्स यांच्या ‘स्लीपिंग विथ द एनिमी’वरून (१९९१) उचलले आहे. विडंबनाला विषय कोणताही चालतो हे मला मान्य आहे, पण विडंबनाचा रोख कशावर आहे हे स्पष्ट हवे. विम्याच्या धाग्यात रोख गुन्हेपटाच्या तर्कटावर आहे, लोलाच्या धाग्यात पुरुषाच्या सोयीस्कर नीतीवर आहे. लॉराच्या धाग्यात तो कशावरच नाही. मारकुट्या नवऱ्याची भीती बाळगणारी बाई हीच तिथे हास्याची सामग्री होऊन बसते. ज्या चित्रपटाने स्त्रीवर ढकललेली भीती पुरुषाच्या मूर्खपणावर परतवून लावली, त्यानेच नेमके या ठिकाणी आपले भान सोडावे, ही त्रुटी किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही.

याच रायनर यांनी १९८२ मध्ये ‘डेड मेन डोन्ट वेअर प्लेड’ केला होता. त्यात स्टीव्ह मार्टिन यांचा गुप्तहेर जुन्या कृष्णधवल चित्रपटांच्या प्रत्यक्ष तुकड्यांशी संवाद साधतो, आणि तो जोड इतका बेमालूम आहे की त्यासाठी वेशभूषाकार ईडिथ हेड यांनी त्या जुन्या काळाचे कपडे नव्याने तयार केले. ते त्यांचे अखेरचे चित्रपटकाम ठरले. तिथे रायनर यांचे मूळ चित्रपटांवरील प्रेम चौकटीचौकटीतून जाणवते. ‘फेटल इन्स्टिंक्ट’मध्ये हे प्रेम वायल्डर यांच्या वाट्याला आले आहे, कॅसडन यांच्या वाट्यालाही काहीसे आले आहे, पण १९८७ नंतरच्या चित्रपटांविषयी त्यांना तेवढी माया दिसत नाही. त्यामुळे विम्याचे आणि निवेदनाचे प्रसंग संथ, डौलदार आणि नीट प्रकाशलेले आहेत, तर नव्या चित्रपटांवर बेतलेले प्रसंग एकामागून एक उरकले जातात. गाजलेले दृश्य जसेच्या तसे उभे करायचे आणि शेवटी एक विचित्र वस्तू किंवा शारीरिक फजिती जोडायची, असा त्यांचा साचा ठरून गेला आहे. मूळ दृश्य आठवत नसेल तर अशा जागी हसण्यासारखे काहीच उरत नाही.

म्हणून पाहणाऱ्यांना माझा आग्रह राहील की त्यांनी ‘डबल इन्डेम्निटी’, ‘बॉडी हीट’ आणि ‘फेटल अट्रॅक्शन’ हे तीन चित्रपट आधी, याच क्रमाने पाहावेत. ‘बेसिक इन्स्टिंक्ट’ राहिला तरी फारसे अडत नाही. त्यातील पोलीस चौकशीचे प्रसिद्ध दृश्य न पाहताही जवळजवळ सर्वांना ठाऊक असते. ‘स्लीपिंग विथ द एनिमी’साठी मुद्दाम वेळ काढण्याची गरज नाही. विषय पाहून घाबरण्याचेही कारण नाही. अमेरिकेत या चित्रपटाला पीजी-१३, म्हणजे तेरा वर्षांखालील मुलांबाबत पालकांना सावध करणारे प्रमाणपत्र मिळाले आहे, नग्नता दाखवण्याचा त्याला सोस नाही आणि द्व्यर्थी संवादांपलीकडे तो सहसा जात नाही, तरी लहान मुलांसोबत पाहण्याचा हा चित्रपट नव्हे. भाषांतरित आवाजात उपलब्ध झाला तरी तो मूळ इंग्रजीतच, हवी तर उपशीर्षके लावून पाहावा, कारण केट नेलिगन यांचा आवाज बदलला की लॅना अर्धीअधिक नाहीशी होईल. पहिली वीस मिनिटे विनोदांची गर्दी फार आहे आणि त्यांतले निम्मे वाया जातात. तेवढा वेळ धीर धरावा. विम्याच्या अटी वाचून दाखवल्या जातात तिथून चित्रपट पकड घेतो, आणि गाडी उत्तरेकडे निघेपर्यंत ती पकड सुटत नाही.